नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या मराठी भाषेत नुसत्या अनेकवचनाने केवढा फरक पडतो पाहा. बाळाचे 'नाव ठेवणे' हा घरातला मंगल सोहळा; त्याच बाळाला 'नावे ठेवणे' हा शेजारपाजारचा फावल्या वेळचा उद्योग. धर्मगुरू या नात्याने पहिल्या कामात आमचा हातभार पंचवीसहून अधिक वर्षे लागत आला आहे, आणि दुसरे काम कुणी करू नये असे प्रवचनातून तितकीच वर्षे आम्ही सांगत आलो आहोत. आज मात्र वाचकांची परवानगी घेऊन आम्ही स्वतःच थोडी नावे ठेवणार आहोत. कुणा माणसाला नव्हे, तर करमणुकीच्या बागांमधून जे अजस्र रोलर कोस्टर उभे असतात त्यांच्या नावांना. विषय हलका वाटेल. परंतु नाव ही गोष्ट मुळात हलकी नाही, एवढे शेवटपर्यंत वाचल्यावर पटावे.

आमच्या धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या की जिकडेतिकडे दुमिंग, पास्कोल, इनास आणि कैतान भेटतात. नावे मोजकी आणि माणसे पुष्कळ, म्हणून गावाने आपल्या सोयीने तोड काढली: विहिरीवरचा कैतान, बैलगाडीवाला कैतान, मास्तरांचा कैतान. नाव तेच राहिले, पण प्रत्येकाच्या नावामागे त्याचे घर, त्याचा धंदा, त्याचे आयुष्य उभे राहिले. एकच नाव अनेकांनी वापरावे यात वाईट काही नाही. नावामागे कुणीच उभे नसेल तर मात्र ते नाव पोकळ वाजू लागते. हा विचार आमच्या मनात पक्का झाला तो नोंदवहीपासून फार दूर, एका निराळ्याच ठिकाणी.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील ओहायो राज्यात, एका धर्मग्रामाचे धर्मगुरू उन्हाळी रजेवर असताना, त्यांच्या जागी दोन महिने सेवा करण्याचा योग आम्हांस आला. तेथील युवक मंडळाची सहल सिनसिनाटी शहराजवळच्या 'किंग्ज आयलंड' या प्रसिद्ध बागेत गेली आणि आम्हांसही नेण्यात आले. वयाला आणि पाठीच्या मणक्यांना मान देऊन आम्ही बाकावर बसलो व सर्वांच्या टोप्या, चष्मे आणि पाकिटे सांभाळण्याचे पद स्वीकारले. हातात बागेचा नकाशा होता. त्यावर नावे होती ती अशी: 'द बीस्ट' म्हणजे श्वापद, 'डायमंडबॅक' म्हणजे एक विषारी साप, 'द बॅट' म्हणजे वटवाघूळ, आणि 'बॅन्शी', जिच्याविषयी पुढे सांगू. एका हाताला आईस्क्रीमची गाडी, दुसऱ्या हाताला श्वापद. वाचता वाचता वाटले, ही संतांच्या लितानीची उलटी बाजूच आहे.

परत आल्यावर कुतूहलाने या विषयाचे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की या यंत्राच्या नावाचा घोळ त्याच्या जन्मापासूनचा आहे. रशियात हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर पाणी ओतून बर्फाच्या घसरगुंड्या करीत. अठराव्या शतकात कॅथरिन सम्राज्ञीने ओरानियनबाऊमच्या बागेत उन्हाळ्यासाठी चाकांच्या गाड्यांची अशीच एक घसरण बांधवून घेतली. पुढे १८१७ साली पॅरिसमध्ये असे दोन खेळ सुरू झाले. एकाचे नाव पडले 'रशियन डोंगर', आणि दुसऱ्याचे 'हवेतील फेरफटका'. दुसरे नाव किती सुरेख होते! पण टिकले ते पहिले. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांत रोलर कोस्टरला आजही 'रशियन डोंगर' असेच म्हणतात. आणि रशियन लोक काय म्हणतात? 'अमेरिकन टेकड्या'! पोटात गोळा आणणारी वस्तू आपली नव्हे, ती शेजाऱ्याची, असे प्रत्येकाला म्हणावेसे वाटते, हा मनुष्यस्वभाव या दोन नावांत कायमचा नोंदला गेला आहे.

अमेरिकेत या खेळाचा जम बसविला तो लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थाने. मूळचा मोज्यांचा कारखानदार, वृत्तीने धार्मिक. लोकांनी दारूच्या गुत्त्यांऐवजी मोकळ्या हवेत निर्मळ करमणूक करावी अशी त्याची इच्छा होती असे सांगतात. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे त्याने आपली पहिली गाडी सुरू केली. भाडे पाच सेंट आणि वेग ताशी सहा मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा सायकलवाला पाववाला तिला सहज मागे टाकील. तिचे नाव 'स्विचबॅक रेल्वे'. गाडी एका टोकाला पोहोचली की रूळ बदलून उलट येई, म्हणून स्विचबॅक. नावात जे होते तेच गाडीत होते. पुढे त्याने बोगदे आणि रंगविलेले देखावे घालून 'सीनिक रेल्वे' काढली. म्हणजे देखाव्यांची आगगाडी. ती इतकी लोकप्रिय झाली की त्या नावाच्या गाड्या देशोदेशी निघाल्या. मेलबर्न येथील १९१२ सालची आणि इंग्लंडमधील मार्गेट येथील १९२० सालची, अशा दोन अजून उभ्या आहेत. अतिवापर झालेले हे बहुधा पहिले नाव. तरी ते बोचत नाही, कारण ते खरे आहे. देखावे आहेत म्हणून देखाव्यांची गाडी.

मग वादळ आले. १९२७ साली कोनी आयलंडवर 'सायक्लोन' हा लाकडी रोलर कोस्टर उभा राहिला. तो आजही चालतो आणि न्यूयॉर्क शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला आहे. त्याच वर्षी कॅनडात क्रिस्टल बीच येथे दुसरा 'सायक्लोन' झाला. तो इतका आडदांड होता की उतारूंसाठी तेथे परिचारिका ठेवावी लागे. त्यानंतर १९७६ साली ह्यूस्टनमध्ये 'टेक्सस सायक्लोन', १९९० साली अटलांटाजवळ 'जॉर्जिया सायक्लोन', आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात इंग्रजी अक्षरांची मोडतोड करून नाव लिहिलेले 'सायक्लोन'चेच एक भावंड. विहिरीवरचा कैतान आणि बैलगाडीवाला कैतान यांची आठवण व्हावी अशीच ही वंशावळ. फरक एवढाच की आमच्या कैतानांमध्ये विहीर आणि बैलगाडी खरी होती.

वादळे संपली तेव्हा राक्षसांकडे मोर्चा वळला, आणि येथे आमच्यासारख्याचे कान टवकारणे साहजिक होते. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथातील गल्याथ हा सहा हात एक वीत उंचीचा योद्धा सर्वांना ठाऊक आहे. 'गोलायथ' या इंग्रजी उच्चाराने तो २००० साली कॅलिफोर्नियात रोलर कोस्टर झाला, २००२ साली हॉलंडमध्ये झाला, २००६ या एकाच वर्षी जॉर्जियात व माँट्रियलमध्ये मिळून दोनदा झाला, आणि २०१४ साली शिकागोजवळ पुन्हा झाला. एका गल्याथाला पाडायला दावीदाला एक गोटा पुरला; इतक्यांना पाडायचे तर ओढ्यातून टोपलीभर गोटे आणावे लागतील. बिचारा प्रसिद्ध झाला तोच मुळी पडला म्हणून. अर्थात रोलर कोस्टरही पडण्यासाठीच वर चढतो, तेव्हा नाव शोभते असे कुणी म्हणाल्यास आमची हरकत नाही.

टोरँटोजवळच्या एका बागेने याच्याही पुढे पाऊल टाकले. तेथे २००८ साली 'बेहेमोथ' आणि २०१२ साली 'लिव्याथान' उभे राहिले. दुसऱ्याची उंची ९३ मीटर आहे. ही दोन्ही नावे ईयोबाच्या ग्रंथातून आलेली. तो ग्रंथ कशाचा आहे? मुले गेली, मालमत्ता गेली, अंगभर फोडे आले, आणि राखेत बसून एक सज्जन देवाला विचारतो आहे, 'का?' देव त्याला वावटळीतून उत्तर देतो, आणि त्या उत्तराच्या शेवटी या दोन अजस्र प्राण्यांकडे बोट दाखवितो. माणसाला वेसण घालता येणार नाही असे सृष्टीत पुष्कळ आहे, असा त्याचा आशय. बागेने ही नावे घेतली म्हणून आमच्या भावना दुखावल्या असे मुळीच नाही. पवित्र शास्त्र इतके नाजूक नाही. पण एक विसंगती मात्र नजरेत भरते. ईयोबाचा लिव्याथान कुणाला वेसण घालू देत नाही, आणि टोरँटोचा लिव्याथान एका तरुणाने बटण दाबल्यावर सुटतो व ठरल्या वेळी ठरल्या जागी येऊन उभा राहतो.

या विसंगतीतच आमच्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. रोलर कोस्टर हे बाहेरून दिसते त्याच्या अगदी उलट, अत्यंत पाळीव असे यंत्र आहे. जॉन मिलर या कारागिराने १९१९ साली रुळाच्या खालूनही धरून ठेवणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले, तेव्हापासून डबा रुळावरून उधळण्याची भीती जवळजवळ गेली. आज चाके रुळाला वरून, खालून आणि बाजूने पकडून असतात. मार्गाचे भाग पाडलेले असतात. पुढच्या भागात गाडी असेल तर मागची आपोआप थांबते. उतारूच्या मांडीवर दांडी घट्ट बसल्याखेरीज गाडी हलत नाही. म्हणजे अभियंत्यांनी धोका काढून टाकला. पण तिकीट तर धोक्याचेच विकायचे! मग तो आणायचा कोठून? तो नावातून आणतात. यंत्रातून वजा केलेली भीती पाटीवर मिळवायची. आणि भीतीची नावे भाषेत असून असून किती असणार? वादळ, वीज, साप, श्वापद, राक्षस, भूत. ती संपतात, म्हणून पुन्हा पुन्हा वापरावी लागतात. आपल्या खोपोलीजवळच्या करमणूक बागेत २०१३ पासून 'नायट्रो' आहे. आमच्या धर्मग्रामातील मुले त्याच्यावरून उतरली की आठवडाभर दुसरे बोलत नाहीत. त्याच नावाचा रोलर कोस्टर अमेरिकेतील न्यू जर्सीत २००१ पासून आहे. दोघांत साम्य एवढेच की नाव ऐकताच काहीतरी फुटणार असे वाटावे.

एकदा नाव हा पाटीवरचा रंग ठरला की तो खरवडून दुसरा लावायलाही वेळ लागत नाही. न्यू जर्सीतल्या त्याच बागेत १९९९ साली 'मेड्युसा' आली. २००९ साली तिचे 'बिझारो' झाले, आणि २०२२ साली पुन्हा 'मेड्युसा'. रूळ तेच, खांब तेच. लग्नानंतर आणि घटस्फोटानंतर नाव बदलावे तसा हा प्रकार.

येथवर सारे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. पण उसनी आणलेली भीती कुणाच्या तरी घरातून आणलेली असते, आणि तो घरधनी कधीकधी रांगेत उभा असतो. येथून पुढे हसू थोडे आवरावे लागते.

ओहायोच्या सहलीत आमच्याबरोबर बाकावर एक आयरिश वंशाच्या आजीबाई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, नातवंडांसाठी आलेल्या. मुले 'बॅन्शी, बॅन्शी' असा घोष करीत पळाली तेव्हा त्यांनी हळूच क्रूस केला. आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, माझ्या आजीच्या गावात बॅन्शी म्हणजे घराबाहेर रात्री रडणारी बाई. ती रडली की त्या घरातले माणूस जाते असे मानीत. माझे आजोबा वारले त्या रात्री आजीने ते रडणे ऐकले होते, असे ती मरेपर्यंत सांगे. मी त्या पाळण्याला नुसते 'तो निळा' म्हणते." श्रद्धा म्हणा, अंधश्रद्धा म्हणा, त्या शब्दात एका घराचे सुतक होते.

नंतर वाचनात आले ते आणखी बोलके आहे. ओहायोतीलच 'सीडर पॉइंट' या बागेने १९९६ साली सुरू झालेल्या नव्या रोलर कोस्टरसाठी आधी 'बॅन्शी' हेच नाव जाहीर केले होते. त्याचा संबंध मृत्यूशी आहे हे ध्यानी आल्यावर उद्घाटनापूर्वीच ते बदलून 'मँटिस' म्हणजे खंडोबाचा किडा असे ठेवण्यात आले. पुढे अठरा वर्षांनी, २०१४ साली, त्याच कंपनीच्या किंग्ज आयलंड या बागेत 'बॅन्शी' वाजतगाजत उभी राहिली. अठरा वर्षांत शब्दाचा अर्थ बदलला नव्हता. विचारणारी माणसे तेवढी कमी झाली असावीत.

दुसरे उदाहरण व्हर्जिनिया राज्यातले. 'किंग्ज डोमिनियन' या बागेत १९७५ साली 'रेबेल येल' नावाचा जोडरुळांचा लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. 'रेबेल येल' म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील सैनिक हल्ला करताना जी किंकाळी फोडीत ती. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांचे ते सैन्य, आणि त्यांची राजधानी रिचमंड या बागेपासून फार लांब नाही. नाव ठेवणाऱ्याने कदाचित एवढाच विचार केला असेल की उतारावर लोक किंचाळतात, तेव्हा किंकाळीचे नाव चांगले. पण ज्यांचे पणजोबा गुलाम होते अशी कृष्णवर्णीय कुटुंबेही त्याच रांगेत मुलांचे हात धरून उभी राहत. तिकिटाचे पैसे देऊन त्या किंकाळीत सामील व्हायचे! हे नाव उतरायला २०१८ साल उजाडावे लागले. आता त्याचे नाव 'रेसर ७५': शर्यत लावणाऱ्या दोन गाड्या आणि जन्माचे वर्ष. कल्पनेची भरारी त्यात नाही, पण ते म्हणताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

तिसरे उदाहरण इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्सचे. २०१३ साली तेथे 'द स्मायलर' म्हणजे 'हसरा' सुरू झाला. २ जून २०१५ रोजी उतारूंनी भरलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. सोळा जण जखमी झाले. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. चालविणाऱ्या कंपनीला पुढच्या वर्षी पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. अपघात नावामुळे झाला असे कुणी म्हणणार नाही. पण त्यानंतर त्या पाटीवरचे हसू कसे दिसत असेल, याची कल्पना करावी. धोका खोटा असतो तोवरच अशी नावे चालतात. तो खरा झाला की नाव उघडे पडते.

हे सारे परदेशाचे झाले. आपल्याकडे रोलर कोस्टर थोडे, पण जत्रा पुष्कळ. जत्रेतल्या पाळण्यांची नावे कधी निरखून पाहिली आहेत? 'आकाशपाळणा' हे नाव ज्याने प्रथम उच्चारले त्याला आम्ही मनोमन वंदन करतो. आकाशात जाणारा पाळणा. त्यात भीतीही आहे आणि आईही आहे. हेलकावणाऱ्या जहाजाला आपण 'कोलंबस' म्हणतो. निदान तो जहाजावर होता खरा. पण 'टोरा टोरा'? हात फिरवीत गरगरणाऱ्या या पाळण्याचे नाव महाराष्ट्रातील पोराटोरांना पाठ आहे. जपानी भाषेत 'तोरा' म्हणजे वाघ. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपानी विमानांनी जो हल्ला केला, त्यात शत्रू बेसावध सापडल्याची खूण म्हणून हा शब्द तीनदा बिनतारी संदेशाने पाठविला गेला. १९७० साली त्या नावाचा चित्रपट निघाला. आज आमची मुले उसाचा रस पिऊन त्या नावाच्या पाळण्यात बसतात. येथे त्या शब्दाने कुणी घायाळ होत नाही, कारण ते दुःख फार दूरच्या घराचे आहे. दुःख जवळच्या घराचे असते तेव्हा काय होते, ते आम्ही आमच्याच अंगणात पाहिले.

२०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. आमच्या धर्मग्रामातील छपरे उडाली, केळी झोपली, आणि समुद्रावर नोकरीला असलेला एक तरुण बाप घरी आला नाही. त्याला माती देण्यासाठी आम्हांला अकरा दिवस वाट पाहावी लागली. मागे आई, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी.

पुढच्या वर्षी सणाची जत्रा पुन्हा भरली. चर्चच्या मैदानात नेहमीचे पाळणेवाले चाचा आले. त्यांच्याकडे लहान मुलांसाठी एक बुटका रोलर कोस्टर होता: लंबगोल रूळ, एक चढ, दोन उतार, पाच डबे. नवा रंग दिलेला आणि पाटीवर लाल अक्षरांत नाव, 'तौक्ते एक्सप्रेस'. तो मुलगा पाटीसमोर उभा होता. हातात तिकिटाचे पैसे, पण पाय हलत नव्हते. मागची मुले त्याला ढकलीत होती, "बसतोस का बाजूला होतोस?" तो काही बोलला नाही; तेथून निघून चर्चच्या पायरीवर जाऊन बसला.

आम्ही चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "फादर, पेपरात, टीव्हीवर नाव गाजलं म्हणून लिहिलं. पोरं नाव वाचून हसतात, तिकीट काढतात." आम्ही पायरीकडे बोट दाखवून एवढेच म्हणालो, "चाचा, त्या पोराचा बाप त्याच वादळात गेला." चाचांनी दोन्ही कानांना हात लावले. गाडी थांबविली, पाटी उतरविली, रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन ते स्वतः पायरीपाशी गेले आणि उकिडवे बसून मुलाला म्हणाले, "बेटा, चाचाला माहीत नव्हतं. आता तूच सांग, काय नाव लिहू?"

मुलगा बराच वेळ गाडीकडे पाहत राहिला. आम्हांस वाटले, आता हा बापाचे नाव सांगणार, आणि आमचाच घसा दाटून आला. पण तो म्हणाला, "ती घसरते ना? मग घसरगाडी."

चाचांनी तसेच लिहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो धाकट्या बहिणीला घेऊन आला आणि दोघे पुढच्याच डब्यात बसली. आठही दिवसांत त्यांच्याइतके मोठ्याने कुणी ओरडले नाही.

ज्या वस्तूला पॅरिसवाल्यांनी रशियन म्हटले, रशियनांनी अमेरिकन म्हटले आणि आम्ही मराठी लोकांनी इंग्रजीच ठेवले, तिला आमच्या धर्मग्रामातील एका मुलाने पाच अक्षरांत मराठी नाव दिले. थॉम्प्सनच्या 'स्विचबॅक'सारखे ते खरे आहे. जे आहे ते सांगते आणि कुणाच्या घरातून काही उचलून आणीत नाही.

खऱ्या वादळांची नावे ठेवण्याची पद्धत आम्ही मुद्दाम समजून घेतली. उत्तर हिंदी महासागराच्या भोवतालचे तेरा देश मिळून ही नावे सुचवितात. २०२० साली अलिबागजवळ धडकलेल्या 'निसर्ग'चे नाव बांगलादेशाचे, 'तौक्ते' हे म्यानमारचे. त्याचा अर्थ मोठ्याने ओरडणारी पाल. नाव लहान आणि उच्चारायला सोपे असावे, क्रूर असू नये, धर्म, राजकारण, संस्कृती वा स्त्री-पुरुष भेद यांवरून कुणाचे मन दुखवू नये, असे नियम आहेत. आणि सर्वांत शहाणपणाचा नियम असा, की आपल्या समुद्रात एकदा वापरलेले नाव पुन्हा वापरायचे नाही. ज्यांनी त्या नावाखाली सोसले, ते नाव त्यांच्यापाशीच राहू द्यायचे. माणसे मारणाऱ्या वादळाचे नाव ठेवताना जग इतका विचार करते; मुलांच्या खेळण्याचे नाव ठेवताना त्याच्या निम्मा तरी करावा, एवढीच आमची मागणी.

तसा विचार करणारी माणसे नाहीत असे नाही. अमेरिकेतच सॅन अँटोनियो शहरात १९४०च्या दशकात बांधलेला 'रॉकेट' नावाचा एक लाकडी रोलर कोस्टर बाग बंद झाल्यावर मोडकळीस आला होता. पेनसिल्वेनियातील क्नोबेल्स या बागेने तो सुटा करून, फळी न् फळी वाहून नेऊन, १९८५ साली आपल्याकडे पुन्हा उभा केला आणि त्याला 'फिनिक्स' म्हटले: राखेतून उठणारा पक्षी. या नावाचाही जगभर चोथा झाला आहे. तरीही येथे ते बसते, कारण हा फिनिक्स खरोखरच उठला आहे. अतिवापराने नाव मरते असे नाही. ते कमावले नसेल तर मरते.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोड्यांवर रोलर कोस्टरचे बारसे करण्याची वेळ येणार आहे. पण होडीला, दुकानाला, बंगल्याला, क्रिकेटच्या संघाला आणि सणाच्या नाटकाला नावे आपणच ठेवतो. शेजारच्या मुलाला त्याच्या व्यंगावरून हाक मारतो तीही आपणच. तेव्हा पाटी रंगविण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी विचाराव्यात: हे नाव या वस्तूला खरेच शोभते का? आणि ते वाचून आपल्या गावात कुणी पायरीवर जाऊन बसेल का? उत्तर ठाऊक नसेल तर चाचांप्रमाणे उकिडवे बसून एखाद्या मुलाला विचारावे. त्यांना बहुधा ठाऊक असते.